ईएलसीबी वर राहत नाही म्हणून ती डायरेक्ट करू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पेपरात विजेपासून सावध राहा म्हणून चौकट येते, ओल्या हाताने बटण दाबू नका, खांबाला जनावर बांधू नका, कपडे वाळत घालायला लोखंडी तार लावू नका, हे सगळं बरोबरच आहे आणि छापलंच पाहिजे. पण घरातली ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की अख्ख्या घराची वीज तोडणारा स्विच, पडली आणि परत वर राहतच नाही अशा वेळी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे त्या चौकटीत मला कधी दिसलं नाही. ते माहीत नसल्यामुळे आमच्या घरात ह्या जुलैत जे होता होता राहिलं ते सांगायला हे पत्र लिहितेय. पत्र लांब झालंय, कापायचं तर काहीही कापा पण नळाचा आणि प्लग काढायचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आमचं मिरजेत दोन मजली घर आहे, २००६ साली बांधलेलं. हॉलच्या दारावर डीबी, म्हणजे मेन स्विचची पेटी, त्यात एक ईएलसीबी आणि सहा एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचे छोटे स्विच. आता दुकानात मिळते तिचं खरं नाव आरसीसीबी, पण आपल्याकडे वायरमनपासून दुकानदारापर्यंत सगळे ईएलसीबीच म्हणतात म्हणून मी पण तेच लिहिते. तर जुलैत चार दिवस झड लागली होती आणि एका सकाळी साडेसहाला खटकन आवाज येऊन अख्खं घर बंद झालं. ह्यांनी स्टुलावर चढून दांडी वर केली, पडली, परत केली, परत पडली. मग घरातली सगळी बटणं बंद केली, गिझरचं सुद्धा, तरी ती काही वर राहीना.

नऊच्या सुमारास वायरमन आला. वर बघितलं, एकदा दांडी हलवली आणि म्हणाला, वैनी ही ईएलसीबी गेलीय, पावसात जातातच ह्या, आता डायरेक्ट करून देतो, नवीन आणली की बसवू. दहा मिनिटांत त्याने वरच्या वायरी काढून खालच्यांना जोडल्या, ईएलसीबी नुसती शोभेला तिथेच राहिली, घरात लाईट आली, मी त्याला चहा दिला, २०० रुपये दिले आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. तो माणूस वाईट नाही, गल्लीत कुणाकडे रात्री बारालाही येतो, म्हणून तर मला हे जास्त लागलं, कारण चांगला माणूससुद्धा सहज करतो आणि आपण सहज करून घेतो अशी ही गोष्ट आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, वीस वर्षांची शुगर, हातापायाला मुंग्या येतात ही त्यांची रोजची तक्रार. त्यानंतर दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, अगं नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी विचारलं, आई सकाळची गोळी घेतली का? दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणाल्या, मी मनात म्हटलं डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेऊया. तिसऱ्या दिवशी त्या बाथरूममधून बाहेर आल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या नळाला नाही येत, ह्याच नळाला येतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अनवाणी ओल्या फरशीवर उभी राहिले आणि हाताची मागची बाजू नळाला जेमतेम टेकवली, तर झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. (हे सुद्धा मी करायला नको होतं, कुणी करू नका.) गिझरचं बटण तेव्हा बंद होतं. मी ओरडतच बाहेर आले आणि मेन खाली पाडायला लावला.

तीन दिवस त्या बाई सांगत होत्या आणि मी त्यांना गोळी विचारत होते. हे मी विसरू शकत नाही.

पलीकडच्या गल्लीत एक सर राहतात, आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. ते मल्टीमीटर आणि मेगर (वायरीतली गळती तपासायचं मीटर) घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी जे काढून दाखवलं ते असं. गिझरच्या आतला एलिमेंट फुटला होता, आमच्याकडे बोअरचं जड पाणी, एलिमेंटवर क्षाराचा जाड थर बसतो, त्याखाली तो तापून त्याची बाहेरची नळी तडकते आणि पाणी आत शिरून करंट गिझरच्या टाकीत आणि टाकीतून नळात येतो. दुसरं म्हणजे त्या पॉईंटला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडलेले होते, म्हणजे बटण न्यूट्रलवर होतं, त्यामुळे बटण बंद केलं तरी फेज गिझरमध्ये उभाच, म्हणूनच बटणं बंद करूनसुद्धा ईएलसीबी पडत होती. हे घर बांधल्यापासून तसंच होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता कारण बटण दाबलं की गिझर चालू होतो, बंद केलं की बंद होतो, अजून काय बघणार. तिसरं म्हणजे परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जिथे तार पाइपाला बांधली होती तिथे ती हिरवी पडून तुटायला आली होती, त्यामुळे करंटला जमिनीत जायला धड वाट नव्हती.

आणि ईएलसीबी? सरांनी तिच्या खालच्या वायरी काढल्या, नुसती वरची लाईन देऊन दांडी वर केली, राहिली, टेस्टचं बटण दाबलं, पडली. एकदम ठणठणीत होती. घरात एवढं एकच काहीतरी धड चाललेलं होतं आणि आम्ही तेच काढून टाकलं होतं.

मी ३१ वर्षं एका पतसंस्थेत कॅशला होते म्हणून मला सरांचं पुढचं सांगणं लगेच कळलं. ईएलसीबी दुसरं काही करत नाही, फेजने किती करंट घरात गेला आणि न्यूट्रलने किती परत आला हे जुळवत बसते. दोन्ही वायरी आत एका लोखंडी कडीतून जातात, जाणारा आणि येणारा सारखा असेल तर कडीत काही होत नाही, येणारा कमी पडला म्हणजे मधे कुठेतरी तो भिंतीतून, पाइपातून नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, मग ती दांडी सोडते. संध्याकाळी जमा आणि नावे जुळलं नाही की आमच्याकडे कुणी घरी जायचं नाही, तसंच आहे हे. डायरेक्ट करणं म्हणजे हिशोब जुळत नाही म्हणून जुळवणाऱ्यालाच घरी पाठवणं.

घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढा फरक पडला की तिने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तोडायला पाहिजे, आणि फरक त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. लोक म्हणतात की एमसीबी आहे ना मग ईएलसीबी कशाला. अहो गिझरची एमसीबी १६ किंवा २० अँपिअरची असते, १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि माणसाच्या छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर गेले तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. एमसीबी वायरी जळू नयेत म्हणून असते, माणूस चिकटलाय हे तिला कळतच नाही. त्याच्याआधी १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडवत नाही, आपण चिकटला म्हणतो ते हेच.

आता ईएलसीबी वर राहत नसली तर करायचं काय, सरांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं त्यातलं जे घरच्या माणसाला करता येतं तेवढंच लिहिते.

पहिलं एकदम साधं आहे आणि तेच राहून जातं. पडल्यावर कित्येक कंपन्यांची दांडी पूर्ण खाली जात नाही, मधेच थांबते, ती आधी जोर लावून पूर्ण खाली दाबायची, टक आवाज आला की मग वर करायची. मधूनच वर ढकलली तर ती धरतच नाही आणि आपल्याला वाटतं बिघडली. हे करूनही पडली तर पुन्हा पुन्हा मारत बसू नका, आणि दांडी बोटाने धरून ठेवून किंवा चिकटपट्टी लावून तर काहीच होत नाही, ती आतून सुटते.

मग सगळ्या एमसीबी खाली, आणि ईएलसीबी वर. राहिली तर एकेक एमसीबी वर करत जायचं, जिच्यावर पडेल त्या लाईनमध्ये दोष. त्या लाईनवरचे सगळे प्लग काढायचे, बटण बंद नाही, प्लग काढायचा, आणि मग एकेक लावत जायचं. लावला की लगेच पुढच्याकडे पळायचं नाही, थोडं थांबायचं, कारण गिझर आणि इस्त्री कधी कधी तापल्यावरच गळती दाखवतात, आणि काही फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो तो काही तासांनी चालू होतो, त्यामुळे रात्री दोनला ईएलसीबी पडली आणि सकाळी काहीच सापडलं नाही असं होतं, अशा वेळी फ्रिजवर संशय घ्या.

सगळ्या एमसीबी खाली असूनसुद्धा ईएलसीबी पडली तर नव्वद टक्के लोक, आणि खूप वायरमन पण, तिथेच म्हणतात की ईएलसीबी खराब. इथेच चूक होते. आपल्या घरातल्या बहुतेक एमसीबी एकाच वायरीच्या असतात, त्या फक्त फेज तोडतात, न्यूट्रल घरभर जोडलेलाच राहतो. कुठे न्यूट्रलची वायर अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकत असेल तर एमसीबी खाली असूनही ईएलसीबी पडू शकते. म्हणून आधी घरातला एकूणएक प्लग काढा, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, मिक्सर, टीव्ही, पाण्याची मोटार, गिझर, आणि गिझरचा प्लग वर छताजवळ गिझरच्या मागे असतो म्हणून तो आम्ही काढलाच नव्हता, काढला असता तर त्या पहिल्या सकाळीच सापडलं असतं. एकच लक्षात ठेवा, गिझरला झिणझिण्या येत असतील तर तिथे ओल्यात जाऊन प्लग ओढायचा नाही, आधी मेन खाली, पायात कोरडी चप्पल, मग प्लग.

ह्या न्यूट्रलच्या गळतीची अजून एक खोड आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे मिक्सर लावला की ईएलसीबी पडायची, त्यांनी मिक्सर दोनदा रिपेअर केला, तिसऱ्यांदा नवीन आणला, तरी तेच. सरांनी बघितलं तर मिक्सरचा काही संबंध नव्हता, गेटच्या खांबावरच्या दिव्यात पाणी शिरून तिथली न्यूट्रल खांबाच्या सळईला लागत होती, दिवा बंद असताना सुद्धा. मिक्सर चालू झाला की त्याचा परत जाणारा करंट थोडा न्यूट्रलने जायचा आणि थोडा त्या गेटच्या खांबातून जमिनीत जायचा, हिशोब जुळायचा नाही, ईएलसीबी पडायची आणि नाव मिक्सरचं व्हायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. पावसात पडते आणि चार दिवस ऊन पडलं की आपोआप राहते असं असेल तर बाहेरचेच पॉईंट बघा, गेटचा दिवा, बेलचं बटण, गच्चीवरच्या टाकीच्या मोटारीचा स्विच, स्लॅब गळतो त्याखालचा जंक्शन बॉक्स. पाणी नसेल तर पाल असते नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर असते.

सगळे प्लग काढूनही राहिली नाही तर मात्र आपलं काम संपलं. तिथून पुढे परवाना असलेला वायरमनच पाहिजे, कारण ईएलसीबी खाली असली तरी तिच्या वरच्या बाजूला लाईन जिवंत असते. पण त्याला करायला काय सांगायचं हे आपल्याला माहीत पाहिजे. मेन बंद करून खालच्या वायरी काढ, नुसती ईएलसीबी वर राहते का बघ, टेस्ट दाबून पडते का बघ. दोन्ही झालं तर ती चांगली आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे, मग उपकरणं सगळी काढून ५०० व्होल्टच्या मेगरने एकेक लाईन तपास. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर त्या लाईनीत गळती आहे. मेगर नाही म्हणाला तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. आणि खालच्या वायरी काढूनही ती राहिली नाही, किंवा लाईन असताना टेस्ट दाबून पडली नाही, तर ती खरोखर गेली, त्याच दिवशी नवीन आणा, दीड-दोन हजारात ३० मिलिअँपिअरची येते, एका चांगल्या साडीपेक्षा कमी पैशात. घेताना आयएस १२६४० हा मानक क्रमांक तिच्यावर आहे का बघून घ्या.

वायरमन म्हणेल, वैनी एवढं शोधायला दिवस जाईल, तोपर्यंत अंधारात बसणार का? नाही बसायचं. दोष ज्या लाईनमध्ये आहे ती लाईन, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, डीबीतून काढून ठेवायला सांगा आणि बाकी घर ईएलसीबीवर चालू द्या. पाणी गॅसवर तापवा, एक खोली दोन दिवस अंधारात ठेवा. काढायची तर खराब लाईन काढायची, ईएलसीबी नाही. एवढी एक गोष्ट आम्हाला त्या सकाळी माहीत असती तर बास होतं.

माझी भाची न्यू जर्सीत असते, तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मामी आमच्याकडे तर सॉकेटलाच दोन बारकी बटणं असतात, टेस्ट आणि रिसेट, आणि आमच्या बाथरूममधलं रिसेटच होत नव्हतं. तिकडे त्याला जीएफसीआय म्हणतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी १९६१ मध्ये ते शोधलं, माणसाला किती करंट सहन होतो ह्यावर त्यांनी आधी कितीतरी वर्षं काम केलं होतं, आणि तिकडच्या वायरिंगच्या नियमांत १९७५ पासून नवीन घराच्या बाथरूममधल्या सॉकेटला ते लावायलाच लागतं. आपल्याकडे अख्ख्या घराला मिळून ३० मिलिअँपिअर, त्यांच्याकडे सॉकेट ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तोडतं. गंमत म्हणजे आपली ईएलसीबी लाईट नसली तरी दांडी वर केली की राहते, पण त्यांच्या आत्ताच्या सॉकेटला मागून वीज येत नसेल तर रिसेटचं बटण धरतच नाही, आत येणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या वायरी उलट्या लावल्या असतील तरी धरत नाही, आणि आतलं सर्किट म्हातारं झालं असेल तरी धरत नाही, मुद्दामच तसं बनवलंय, म्हणजे जे राखण करू शकत नाही ते वीजच देत नाही. भाचीकडे दोन दिवस शोधाशोध केली, शेवटी कळलं की गॅरेजमध्ये खोक्यांच्या मागे तसंच एक सॉकेट आहे, बाथरूमचं सॉकेट त्याच्या पुढे जोडलेलं, आणि पडलेलं ते गॅरेजमधलं होतं. ते दाबलं आणि वरचं चालू झालं. तिने विचारलं की तिथे कुणी डायरेक्ट करून देतो का, तर तिचा नवरा म्हणाला इलेक्ट्रिशियन ऐकणारच नाही, त्याचं लायसन्स जाईल.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत, अगदी लहान जोडण्या सोडल्या तर, घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरपर्यंतचं गळती तोडणारं उपकरण पाहिजेच असं आहे. पण मीटर घेताना एकदा बसवली की नंतर ती जागेवर आहे का, डायरेक्ट आहे का, कोण बघतंय? भाड्याच्या घरात तर भाडेकरू घरमालकाला सांगतो पडते, घरमालक वायरमनला सांगतो कटकट मिटव, आणि कटकट मिटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात देशात विजेच्या धक्क्याने जाणाऱ्यांचा आकडा वर्षाला १० हजारांच्या वर असतो. त्यातले किती घराच्या बाथरूममध्ये आणि मोटारीच्या बटणापाशी गेले आणि त्यांच्या डीबीत ईएलसीबी होती का, असली तर वायरी तिच्यातून जात होत्या का, हे बातमीत कधीच नसतं. आपल्या बातमीदारांनी एवढं एक विचारावं असं मला फार वाटतं. शॉक लागून मृत्यू, एवढंच येतं आणि माणसं म्हणतात नशीब.

अजून दोन गोष्टी सरांनी सांगितल्या त्या लिहूनच टाकते. एक, बरेच जण अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनला जोडून देतात. हे भयंकर आहे, मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात सरळ फेज येतो. आणि ईएलसीबी असलेल्या घरात हे केलं तर पत्र्यात गळलेला करंट न्यूट्रलनेच परत जातो, हिशोब जुळतो आणि तिला काही कळतच नाही, आणि तो पत्रा कुठे पाइपाला किंवा ओल्या जमिनीला टेकला तर ती पडत राहते आणि मग परत तीच बिचारी खराब ठरते. दोन, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जे पॉईंट चालतात त्यांच्यावर मेनच्या ईएलसीबीचं लक्ष नसतं, इन्व्हर्टरच्या पुढे वेगळी लावावी लागते. आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल चुकीच्या ठिकाणी जोडली तरी ईएलसीबी पडत राहते, तेव्हा नवीन इन्व्हर्टर बसवल्यापासून पडायला लागली असेल तर इन्व्हर्टरवाल्यालाच परत बोलवा.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, एवढंच घरच्यांचं काम. दाबल्यावर पडली म्हणजे ईएलसीबी चांगली, पण अर्थिंग चांगली आहे असं त्याने कळत नाही, कारण ते बटण अर्थिंगला हातच लावत नाही, आतल्या आतच थोडा करंट दुसरीकडून वळवून हिशोब बिघडवतं. आमचं बटण रोज दाबलं असतं तरी ती हिरवी पडलेली तार कळली नसती. अर्थिंग मीटर लावूनच बघावी लागते.

आमच्याकडे आता गिझर नवा आहे, पॉईंट सरळ केलाय, खड्ड्यात नवीन क्लॅम्प आणि तार घातली, ईएलसीबी तीच जुनी आहे आणि वायरी तिच्यातून जातात. त्या वायरमनला मी सरांच्या समोर बसवून सगळं दाखवलं, त्याने निमूट ऐकून घेतलं, २०० रुपये परत द्यायला लागला ते मी घेतले नाहीत, त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की अजून ज्यांच्या ज्यांच्याकडे त्याने डायरेक्ट करून दिलंय त्यांच्याकडे तो जाईल. सात घरं त्याने बोटावर मोजली. चार झाली आहेत, तीन राहिली आहेत, त्यातल्या एका घरात लहान बाळ आहे तिथे मी स्वतः जाऊन गिझरचा प्लग काढून आले.

संपादक साहेब, पुढच्या पावसाळ्यातल्या चौकटीत दोन ओळी वाढवा, ईएलसीबी वर राहत नसेल तर सगळे प्लग काढून बघा, आणि कुणालाही ती डायरेक्ट करू देऊ नका. जागा नसेल तर दुसरं काही कमी करा.

सासूबाईंना आता नळाला काही होत नाही हे आम्ही दहा वेळा दाखवलं, सरांनी मीटर लावून दाखवलं. तरी त्या नळ सोडायच्या आधी दारातूनच हाक मारतात, तू लावून बघितलास का गं? मी आत जाते, लावते, मग त्या आंघोळीला बसतात.

आपली एक वाचक,
मिरज